हाताला नवे वळण

आमच्या शाळेत पाचवीला नवी मुले आली, की पहिल्या महिन्यात एक गंमत हमखास होते. उर्दूचा तास संपतो, मराठीची वही उघडली जाते आणि एखादे मूल घाईघाईत उजवीकडच्या समासापासून लिहायला सुरुवात करते. मग स्वतःच दचकते, खोडते आणि माझ्याकडे चोरून पाहते. मी दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे रागावत नाही. एवढेच म्हणतो, "बाळा, वही बदलली की हाताचे वळणही बदलायचे." गेली एकवीस वर्षे मी हे वाक्य म्हणत आलो आहे. मागच्या वर्षी हेच वाक्य माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने मला ऐकवले. तेव्हा माझ्यापुढे वही नव्हती, मोटारसायकल होती; आणि खोडून पुन्हा लिहायची सोय तिथे नव्हती.

वाचक बंधु-भगिनींनो, आपल्या घराघरांत आज मोटारसायकल आहे. कोणी नोकरीला त्यावर जातो, कोणी बाजारहाट करतो, कोणी पोराबाळांना शाळेत सोडतो. मात्र गाडी चालवणे ही शिकण्याची गोष्ट आहे, आणि गाडीचा प्रकार बदलला तर ती पुन्हा शिकावी लागते, हे आपल्याकडे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून स्वतःची फजिती सांगण्याचा संकोच बाजूला ठेवून हे लिहीत आहे.

त्या रविवारी घाटात

मी चिपळूण तालुक्यातला. वीसेक वर्षे १०० सीसीची स्प्लेंडर चालवली. शाळा, बाजार, लग्नकार्य, दवाखाना, सगळे तिच्यावरच. मागच्या वर्षी धाकटा भाऊ नोकरीसाठी आखाती देशात गेला आणि जाताना आपली ३५० सीसीची क्रूझर माझ्या दारात लावून गेला. "भाईजान, उभी ठेवू नका, खराब होईल. चालवत राहा," असे बजावून गेला. क्रूझर म्हणजे ती बुटक्या सीटची, लांबलचक, पाय पुढे टाकून ऐसपैस बसायची गाडी. आमची थोरली मुलगी कराडला विद्यानगरात शिकते. चिपळूणहून कराड म्हणजे कुंभार्ली घाट चढून, हेळवाक, कोयनानगर, पाटण करत जायचे. मोठी गाडी आहे, रस्ता लांबचा आहे, तर मुलीला भेटायला यावरूनच जाऊ, असे मी ठरवले.

पावसाळा नुकताच संपला होता. पत्नीने पहाटे उठून घावणे केले, खिम्याचा रस्सा डब्यात भरला आणि ती मागे बसली. पोफळीपर्यंत गाडी इतकी छान चालली, की मी मनातल्या मनात भावाला दुआ देत होतो. घाट सुरू झाला आणि चौथ्या-पाचव्या वळणावर गोष्ट हातातून गेली.

वळण डावीकडचे आणि चढाचे होते. मी स्प्लेंडरवर वळतो तसाच वळायला गेलो. गुडघ्यांनी टाकी दाबायची, कंबर किंचित टाकायची, गाडी आपोआप वळते. इथे गुडघ्यांत टाकी आलीच नाही, कारण पाय पुढे पसरलेले होते. गाडी म्हणावी तशी वळेना. मी तिला आणखी कलवली. तेवढ्यात डाव्या पायाखाली खर्रर्र असा आवाज झाला. फूटरेस्ट डांबराला घासला होता. मी दचकलो, रेस एकदम सोडली आणि हँडल सरळ केले. गाडी ताठ उभी राहिली आणि सरळ निघाली. सरळ म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या बाजूला. वरून एक ट्रक उतरत होता. त्या चालकाने चढणाऱ्याला वाट द्यायची म्हणून आधीच वेग मारला होता, म्हणून तो थांबू शकला आणि आम्हीही थांबलो. मधले अंतर दोन-तीन हातांचे असेल.

ट्रकवाला काही बोलला नाही. नुसती मान हलवून गेला. पत्नी खाली उतरली. पिशवीतून रस्सा गळत होता. तिने डबा काढला, पुसला, पुन्हा बांधला. मग म्हणाली, "अहो, मागे बसणाऱ्याच्या हातात ना ब्रेक असतो ना हँडल. तुमच्यावर भरवसा ठेवून बसायचे असते. आत्ता गाडी तुमच्या ताब्यात नव्हती." मी रस्ता खराब आहे, गाडी जड आहे, असे काहीतरी म्हणालो. तिने ऐकून घेतले. हेळवाकपर्यंत मी जीव मुठीत धरून गेलो. तिथून तिने एसटी धरली आणि परतीचा प्रवासही एसटीनेच केला. त्यानंतर चार महिने ती त्या गाडीवर बसली नाही. गाडी विकून टाका, असे एकदाही म्हणाली नाही. मला ते जास्त लागले.

विद्यार्थी झाला उस्ताद

खेर्डीला माझा एक जुना विद्यार्थी गॅरेज चालवतो. फूटरेस्टचे घासलेले टोक पाहून त्याने विचारले, "सर, कुठे झाले?" मी सांगितले. तो हसेल असे वाटले होते, पण तो गंभीर झाला. त्याच्या वर्गातला एक मुलगा दहावीनंतर तीन वर्षांनी मित्राची मोठी गाडी घेऊन घाटात गेला आणि वळणावर बाहेर फेकला गेला. त्याची जनाज्याची नमाज मी पढलो होतो. हा त्या दिवशी कब्रस्तानाच्या फाटकाशी बराच वेळ उभा होता, ते मला आठवले. तो म्हणाला, "सर, त्याला गाडी चालवता येत होती. ती गाडी चालवता येत नव्हती. उद्यापासून सकाळी शाळेच्या मैदानावर या. हेल्मेट, बूट, पूर्ण बाह्यांचे जाड कपडे. आणि वही बदलली आहे, हे आधी मान्य करा."

फज्रनंतर मैदान रिकामे असते. तिथे दहा-बारा सकाळी आमची शाळा भरली. त्याने जे शिकवले, ते जमेल तितक्या सोप्या शब्दांत देतो.

दोन गाड्या, दोन स्वभाव

आधी त्याने दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या आणि मला नुसते पाहायला लावले. स्प्लेंडरचे वजन सुमारे ११२ किलो, आमच्या क्रूझरचे १९० किलोच्या आसपास. स्प्लेंडरच्या दोन्ही चाकांच्या आसांमधले अंतर सुमारे १२४ सेंटीमीटर, क्रूझरचे १४०. क्रूझरचा पुढचा चिमटा अधिक तिरपा, चाक पुढे टाकलेले. या रचनेमुळे गाडी सरळ रस्त्यावर स्थिर आणि आरामशीर चालते. पण जी गाडी सरळ चालायला राजी असते, ती वळायला तितकी उत्सुक नसते.

दुसरा फरक पायांचा. स्प्लेंडरवर पाय शरीराच्या जवळपास खाली असतात, त्यामुळे आपण नकळत पायांवर भार देतो, कंबर हलवतो आणि हलकी गाडी ऐकते. क्रूझरवर पाय पुढे असल्याने सगळा भार बैठकीवर येतो. शरीराने गाडी वळवण्याची सवय तिथे कामाला येत नाही. तिसरा फरक जमिनीपासूनच्या उंचीचा. क्रूझरचे फूटरेस्ट खाली आणि रुंद असल्याने गाडी थोडी कलली, की ते टेकतात.

"मग वळायचे कसे?" मी विचारले. "हाताने," तो म्हणाला. "नेहमी हातानेच वळत होता, सर. तुम्हाला माहीत नव्हते, एवढेच."

डावीकडे जायचे, तर डावे हँडल ढकला

इथे माझ्या डोक्याची खरी परीक्षा झाली. त्याने मला मैदानाच्या लांबीत ताशी तीसच्या वेगाने सरळ जायला सांगितले आणि म्हणाला, "डाव्या तळहाताने डावे हँडल हळूच पुढे ढकला." डावे हँडल पुढे ढकलले तर चाक उजवीकडे वळणार, मग गाडी उजवीकडे जाणार, असे माझे मन सांगत होते. प्रत्यक्षात गाडी अलगद डावीकडे कलली आणि डावीकडे वळली. मी तीनदा करून पाहिले. तिन्ही वेळा तेच.

कारण असे. दोन चाकांची गाडी वेगात असताना कलल्याशिवाय वळू शकत नाही. डावीकडे कलवायची, तर चाके क्षणभर शरीराखालून उजवीकडे सरकली पाहिजेत. हँडलला दिलेला तो उलटा, हलका दाब हेच काम करतो. गाडी कलली, की पुढचे चाक स्वतःच वळणाच्या दिशेला येते. सायकलवरही हेच घडते. विमान बनवणाऱ्या राइट बंधूंचे सायकलचे दुकान होते, आणि त्यांच्यातल्या विल्बर यांनी सायकलस्वाराची ही नकळत होणारी क्रिया ओळखली होती. अमेरिकेत कीथ कोड यांनी १९८० मध्ये कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल ही मोटारसायकल शिकवण्याची शाळा काढली. त्यांनी एक खास गाडी बनवली होती. तिला नेहमीच्या हँडलखेरीज सांगाड्याला पक्के जोडलेले, न फिरणारे दुसरे हँडल होते. ते धरून नुसते अंग टाकून गाडी वळवायला सांगितले, की भल्याभल्यांची गाडी जेमतेम भरकटायची, हवे तसे वळण घ्यायची नाही.

मग स्प्लेंडर अंग टाकून कशी वळायची? विद्यार्थी म्हणाला, "तुम्ही अंग टाकता तेव्हा हात हँडलवरच असतात. नकळत ढकलले जाते. हलकी गाडी तेवढ्याने वळते. जड गाडीला मुद्दाम सांगावे लागते."

एक गोष्ट लक्षात ठेवावी. हा नियम गाडी थोडी वेगात असतानाचा आहे. अगदी चालण्याच्या वेगात, गर्दीत किंवा गल्लीत, हँडल जिकडे वळवाल तिकडेच गाडी वळते. आणि ढकलणे म्हणजे धक्का नव्हे. वहीवर पेन जितके टेकवतो, तितकाच दाब. पेन दाबून लिहिणाऱ्या मुलाचा कागद फाटतो. मीही पहिल्या दिवशी तसाच लिहीत होतो. खांदे ताठ, कोपर ताठ. कोपर सैल सोडल्यावर अर्धी अडचण संपली.

जिकडे नजर, तिकडे गाडी

दुसऱ्या दिवशी त्याने पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडल्या आणि त्यांच्यामधून नागमोडी जायला सांगितले. मी पहिलीच बाटली उडवली. दुसरीही. "सर, तुम्ही बाटलीकडे बघता. म्हणून बाटलीवर जाता. दोन बाटल्यांमधल्या रिकाम्या जागेकडे बघा."

हा डोळ्यांचा आणि हातांचा जुना करार आहे. भीती वाटते त्या गोष्टीवर नजर खिळते आणि हात नजरेमागे जातात. त्या रविवारी मी ट्रककडे पाहत होतो, म्हणून गाडी ट्रककडे गेली. वळणावर हनुवटी फिरवून, जिथे वळण संपते आणि रस्ता पुन्हा दिसू लागतो, तिथे पाहायचे असते. जसजसे पुढे जाऊ, तसतसा तो टप्पा पुढे सरकतो. चाकापुढच्या चार फुटांकडे पाहणारा माणूस, बोटाखालचे एकेक अक्षर लावत वाचणाऱ्या मुलासारखा असतो. अक्षर कळते, वाक्य कळत नाही.

हिशेब वळणाआधी संपवा

तिसरा धडा वेगाचा होता. ब्रेक, गिअर, वेग, हे सगळे वळणाआधी, गाडी सरळ असतानाच आटपायचे. वळणात शिरल्यावर रेस हलकी, एकसारखी ठेवायची. वळणाच्या मध्यावर रेस एकदम सोडली, तर गाडीचा भार पुढे येतो, पुढचा चिमटा दबतो, गाडी जमिनीकडे आणखी खाली बसते आणि फूटरेस्ट लवकर टेकतो. मी नेमके हेच केले होते. घासल्याच्या आवाजाला घाबरून जे केले, त्याने घासणे वाढलेच असते. वर हँडल सरळ करून गाडी वळणाबाहेर काढली, ते वेगळेच.

आमच्या शाळेच्या विज्ञानाच्या मॅडमनी फळ्यावर मला हिशेब करून दाखवला. २५ मीटर त्रिज्येचे वळण घ्या. ताशी ३० किलोमीटर वेगाने गेलात, तर गाडीला जवळपास १६ अंश कलावे लागते. तेच वळण ताशी ४५ ने घेतले, तर ३२ अंशांच्या वर. वेग दीडपट, कल दुप्पट. बऱ्याच क्रूझर गाड्यांचे फूटरेस्ट तिशीच्या आसपास टेकतात. म्हणजे ज्या वेगाला स्प्लेंडर काही न बोलता वळते, त्या वेगाला क्रूझर जमिनीला लागते. यात गाडीचा दोष नाही. तिची वही वेगळी आहे.

फूटरेस्ट घासला तर काय करावे? ती घंटा आहे, असे समजावे. बऱ्याच गाड्यांचा फूटरेस्ट बिजागरीवर वर दुमडतो आणि त्याच्या टोकाला त्यासाठीच खिळा दिलेला असतो. घाबरून काही सोडू नये, नजर वळणाच्या शेवटाला ठेवावी, रेस तशीच धरावी आणि छाती थोडी वळणाच्या आतल्या बाजूला न्यावी. शरीर आत गेले, की तेच वळण गाडी कमी कलून घेते. पुढच्या वळणाला मात्र वेग कमी. घंटा वाजली तरी ऐकले नाही, तर पुढे सायलेन्सर किंवा स्टँड टेकतो. तो दुमडत नाही. तो चाक उचलतो.

आणखी एक. नव्या गाड्यांना एबीएस असते. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना ते २०१९ च्या एप्रिलपासून सक्तीचे आहे. त्याने ब्रेक दाबल्यावर चाक जाम होत नाही, ही मोठी सोय. पण साधे एबीएस सरळ रस्त्यावरच्या ब्रेकसाठी असते. कललेल्या गाडीला ते वाचवेलच, या भरवशावर राहू नये.

आपल्या बाजूतली रेघ

वळण घेताना गाडी रस्त्यावर कुठे ठेवायची, याचीही एक रेघ असते. डावे वळण असेल, तर आपल्या बाजूच्या उजव्या भागातून शिरायचे, कारण तिथून पुढचे जास्त दिसते. मात्र मधल्या पट्ट्यापासून हातभर अंतर राखून, कारण समोरचा ट्रक वळण कापत येऊ शकतो. लगेच आत घुसायचे नाही. वळणाचा शेवट दिसला, की मग आतल्या कडेला यायचे. घाईने आत गेलेली गाडी शेवटी बाहेर फेकली जाते. उजवे वळण असेल, तर डाव्या कडेने शिरायचे आणि तिकडेच राहायचे. चाके आपल्या बाजूला असली, तरी कललेल्या स्वाराचे डोके मधला पट्टा ओलांडून पलीकडे गेलेले असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

घाटातल्या एकदम मागे फिरणाऱ्या वळणांना मात्र वेगळी रीत. तिथे वेग इतका कमी असतो, की हँडल सरळ फिरवावे लागते. आधीच पहिला किंवा दुसरा गिअर, क्लच अर्धा धरून, मागच्या ब्रेकवर पायाचा हलका दाब, मान पूर्ण फिरवलेली, आणि अंग गाडीच्या उलट बाजूला. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबायचा नाही. दाबला, की जड गाडी तिथेच आडवी होते. यासाठी त्याने मला आठाचा आकडा काढायला लावला. तोच, जो आपण लायसन्ससाठी आरटीओत एकदा काढतो आणि पुन्हा आयुष्यात कधी काढत नाही. मी तो शंभरदा तरी काढला असेल. शाळेचा शिपाई झाडू हातात धरून पाहत उभा राहायचा. सहाव्या दिवशी तो म्हणाला, "सर, आता आठ आठासारखा दिसतो."

मागे बसणाऱ्याचा हक्क

एक प्रश्न मी उशिरा विचारला, खरे तर सर्वांत आधी विचारायला हवा होता. मागे माणूस बसले, की काय बदलते? तो उठून मागच्या शॉकअपकडे गेला. तिथे खाचा असतात. मागे कोणी बसणार असेल, तर स्प्रिंग एक-दोन खाचा घट्ट करून घ्यायची, कारण भाराने गाडीचा मागचा भाग बसतो आणि कलायला जागा उरत नाही. माझी स्प्रिंग भावाच्या एकट्याच्या वजनाला लावलेली होती. पाच मिनिटांचे काम. ते न करता मी पत्नीला घाटात नेले होते. टायरमधली हवाही दोघांच्या भाराला सांगितलेली वेगळी असते. ती गाडीच्या पुस्तिकेत किंवा साखळीच्या पत्र्यावर लिहिलेली असते.

मागे बसणाऱ्यानेही काही गोष्टी जाणाव्यात. वळणावर गाडी कलली, की भीतीने उलट बाजूला अंग टाकू नये. चालवणाऱ्याच्या आतल्या खांद्यावरून पुढे पाहावे, म्हणजे शरीर आपोआप बरोबर राहते. दोन्ही पाय टाकून बसणे सर्वांत सुरक्षित. ओढणी, बुरख्याचा घेर, साडीचा पदर चाकापासून आवरून घ्यावा. आणि हेल्मेट दोघांनाही. कायदा दोघांनाही सांगतो. डोके तर दोघांनाही आहेच. आयएसआय खुणेचे, हनुवटीखाली पट्टा बांधलेले. हँडलला अडकवलेले हेल्मेट हँडलचे रक्षण करते.

हे सगळे मी रात्री जेवताना पत्नीला सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी चूक गाडीची नव्हती." मी म्हणालो, "नव्हती. रस्त्याचीही नव्हती." ती पुढे काही बोलली नाही, पण पोळी वाढताना तिने विचारले, "ते स्प्रिंगचे काम झाले का?"

पुन्हा तोच घाट

मैदानावर जमले, म्हणून लगेच घाटात गेलो नाही. आधी एकट्याने, सकाळी, कमी वर्दळीत गेलो. विद्यार्थी पुढे, मी मागे. त्याने रस्ता वाचायला शिकवला. घाटात वळणाच्या आतल्या बाजूला बारीक खडी आणि माती साचते. चढावर ट्रकच्या टाकीतून सांडलेल्या डिझेलचा चकाकता पट्टा असतो. पावसाळ्यानंतर झाडाच्या सावलीत शेवाळ राहते. ओले असताना पांढरे पट्टेही निसरडे होतात. उतरताना ज्या गिअरने चढलो, त्याच गिअरने उतरायचे, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवते आणि ब्रेकवर भार येत नाही. आणि अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्याला वाट देणे हा उतरणाऱ्यासाठी नियमच आहे. त्या ट्रकचालकाने तो पाळला होता. त्याचे नाव-गाव मला माहीत नाही. त्याच्यासाठी आजही दुआ निघते.

फेब्रुवारीत एका रविवारी पत्नीने डबा भरला आणि स्वतःचे हेल्मेट काढून आणले. मी काही विचारले नाही. बिस्मिल्लाह म्हणून निघालो. ते वळण आले, तेव्हा मी बराच आधी वेग मारला, दुसरा गिअर टाकला, हनुवटी फिरवली, डाव्या तळहाताने हलके ढकलले. गाडी कलली आणि वळली. मागून तिचा हात माझ्या खांद्यावर होता. तो घट्ट झाला नाही. आमच्यामागून येणारा एक तरुण हॉर्न वाजवत पुढे निघून गेला. जाऊ दिला.

कराडला मुलीच्या खोलीवर पोहोचलो. पत्नीने पिशवीतून डबा काढला, चारही बाजूंनी फिरवून पाहिला आणि मुलीपुढे ठेवला. "रस्सा सांडला नाही," एवढेच म्हणाली. एकवीस वर्षे मी मुलांना शेरे लिहीत आलो. असा शेरा मला कोणी दिला नव्हता.

आता आमचा धाकटा मुलगा जूनमध्ये अठरा वर्षांचा होईल. त्याची नजर चाचांच्या त्या गाडीवर आहे. परवा म्हणाला, "अब्बा, मला चालवता येते." मी म्हणालो, "स्प्लेंडर येते. ही येत नाही. मलाही येत नव्हती." लायसन्स आल्यावर दहा सकाळी मैदानावर बाटल्या मांडायच्या, आठ काढायचे आणि मग किल्ली, असे आमचे ठरले आहे. त्याने तोंड वाकडे केले. चालेल. माझे अक्षरही पहिल्या दिवशी वाकडेच होते.

आपल्या घरात कोणी नवी गाडी घेत असेल, भावाची किंवा मित्राची गाडी काही दिवसांसाठी आली असेल, स्कूटरवरून मोटारसायकलवर किंवा लहान गाडीवरून मोठ्या गाडीवर कोणी जात असेल, तर मिठाई वाटण्याआधी एक रिकामे मैदान शोधा. तिथे लाजायचे काही नाही. सेहेचाळिसाव्या वर्षी, शिपायासमोर, बाटल्या उडवत मी शिकलो. अल्लाह आपल्या सर्वांच्या मुलाबाळांना सुखरूप घरी परत आणो. आमीन.